पडदा कधी लावायचा, कधी सारायचा? एका साध्या कापडाचा वैद्यकीय इतिहास

मागच्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या घरी व्हिजिटला गेलो होतो. लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ पाच दिवसांचं. "डॉक्टर, बाळ फार गुणी आहे, नुसतं झोपून असतं. पण कालपासून दूध नीट ओढत नाही," असं आजींनी फोनवर सांगितलं होतं.

खोलीत शिरलो तर भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखं वाटलं. खिडक्यांना जाड मरून रंगाचे पडदे, त्यावर अजून एक चादर लावलेली. बाळंतिणीला वारा लागू नये, बाळाला उजेड टोचू नये, म्हणून. कोपऱ्यात एक पिवळा बल्ब. त्या उजेडात बाळाचा, आईचा आणि माझ्या हाताचा रंग सारखाच दिसत होता.

मी म्हटलं, "आजी, दोन मिनिटं पडदे बाजूला करू या." पडदे सरकले आणि आजींच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच बाहेर पडलं. बाळ चेहऱ्यापासून तळपायापर्यंत पिवळं झालं होतं. तासाभरात ते बालरोगतज्ज्ञांकडे पोहोचलं. रक्तातलं बिलिरुबिन बरंच वाढलेलं होतं. दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं आणि बाळ सुखरूप घरी आलं. अजून दोन दिवस उशीर झाला असता तर त्या काविळीचा परिणाम मेंदूवर होऊ शकला असता.

पुढच्या खेपेला आजींनी मला विचारलं, "मग काय डॉक्टर, घरात पडदे लावायचेच नाहीत का?" प्रश्न साधा होता, पण उत्तर एका वाक्यात देता येईना. पडद्यामुळे जीव वाचल्याचीही उदाहरणं आहेत आणि पडद्याआड आजार वाढल्याचीही. गेल्या दोन-तीनशे वर्षांत डॉक्टरांनी कधी पडदे लावायला सांगितले, कधी काढून टाकायला सांगितले. तो इतिहास कळला की आपल्या घरात काय करायचं, हे आपोआप कळतं.

वाळ्याचा पडदा आणि अंधारी खोली

आपल्याकडे पडद्याचं पहिलं काम होतं ऊन अडवणं. अबुल फजलच्या 'आइन-इ-अकबरी'त वाळ्याच्या ताट्यांनी केलेल्या थंड खोल्यांचा उल्लेख आहे. दारा-खिडकीत वाळ्याची ताटी लावायची, तिच्यावर पाणी मारायचं. बाहेरची गरम हवा ओल्या वाळ्यातून आत येताना पाण्याची वाफ होते, वाफ होताना उष्णता खर्ची पडते आणि हवा थंड होते. आजचा कूलर याच तत्त्वावर चालतो. म्हणूनच नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा उत्तम काम करतो, आणि मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग होत नाही. हवेत आधीच बाष्प भरपूर असलं की पाणी सुकतच नाही.

दुसरं काम होतं आडोसा करण्याचं. जुन्या वाड्यांमधली बाळंतिणीची खोली आठवून पाहा, किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा. बहुतेक ठिकाणी ती घरातली सर्वांत आतली, सर्वांत अंधारी खोली असायची. खिडकी नसायची, असलीच तर बंद. दाराला पडदा, आत शेगडी, ओव्याची-शेपांची धुरी. हेतू वाईट नव्हता. थंडी लागू नये, दृष्ट लागू नये, परक्याची नजर पडू नये, सुवेर पाळलं जावं. पण अंधार, धूर आणि कोंडलेली हवा या तिन्ही गोष्टी आई आणि बाळ दोघांनाही जाचक होत्या.

त्या काळी बाळंतपणात आई किंवा बाळ दगावणं नवं नव्हतं. आनंदीबाई जोशी यांचं पहिलं बाळ अवघ्या काही दिवसांत गेलं, तेव्हा त्या स्वतः चौदा वर्षांच्या होत्या. त्याच दुःखातून डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय झाला. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या एम.डी. झाल्या, आणि प्रबंधाला विषय घेतला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी, त्या क्षयाने गेल्या. क्षय आणि अंधारी घरं यांचा संबंध पुढे येणारच आहे.

लाल पडद्याचं औषध

युरोपात पडदा आधी खिडकीपेक्षा पलंगाला जास्त असे. चार खांबांचा पलंग आणि चारही बाजूंनी जाड पडदे. थंडीत ऊब मिळे, आणि एकाच खोलीत अनेकजण झोपत तिथे थोडा खाजगीपणाही मिळे. रात्रीची हवा विषारी असते, तिच्यातून रोग येतात, हा समज तेव्हा पक्का होता. त्यामुळे आजारी माणसाला तर पडद्यांत अगदी कोंडूनच ठेवत.

चौदाव्या शतकातल्या जॉन ऑफ गॅड्सडेन या इंग्रज वैद्याने देवीच्या रोगाने आजारी असलेल्या राजपुत्राच्या पलंगाभोवती सगळं लाल कापड लावलं होतं. राजपुत्र बरा झाला आणि श्रेय लाल रंगाला मिळालं. जपानमध्येही देवीच्या रोग्याभोवती लाल कापड लावायची रीत होती. १८९३ मध्ये डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी या जुन्या उपायाला नवं शास्त्रीय स्पष्टीकरण दिलं. उजेडातले जांभळ्या बाजूचे किरण त्वचेला त्रास देतात. लाल पडद्यांनी ते अडवले तर देवीचे व्रण कमी राहतील, असं त्यांचं म्हणणं होतं. काही रुग्णालयांत लाल खोल्या केल्याही गेल्या. पुढच्या अनुभवात हा उपाय निरुपयोगी ठरला.

पण याच फिन्सेन यांनी उलट बाजूनेही विचार केला होता. जे किरण त्वचेवर इतका परिणाम करतात, ते औषध म्हणून वापरता येतील का? त्वचेच्या क्षयावर त्यांनी एकवटलेल्या प्रकाशाचे उपचार सुरू केले आणि त्यासाठी १९०३ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. उजेड अडवू पाहणाऱ्या डॉक्टरला उजेडाच्या उपचारासाठी नोबेल मिळालं, ही वैद्यकशास्त्रातली एक गंमतच आहे.

नाइटिंगेलबाईंचा आग्रह

पडद्यांवर सर्वांत कडक शब्दांत बोलल्या त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल. क्रिमियाच्या युद्धात जखमेपेक्षा रोगराईने जास्त सैनिक मरताना त्यांनी पाहिले होते. 'नोट्स ऑन नर्सिंग' या त्यांच्या छोट्या पुस्तकात पहिला मान ताज्या हवेला आणि त्याच्या खालोखाल उजेडाला आहे. पडदे लावलेला चार खांबांचा पलंग आजाऱ्याला तर नकोच, धडधाकट माणसालाही नको, असं त्या सांगतात. जाड, गडद पडदे नकोत. डोक्याशी एखादा हलका पांढरा पडदा आणि खिडकीला गरजेपुरता खाली घ्यायचा हिरवा पडदा पुरे. रुग्णाचा पलंग खोलीतल्या सर्वांत उजेडाच्या जागी हवा आणि त्याला पडल्या पडल्या बाहेरचं दिसायला हवं.

एक लक्षात घ्या, त्यांनी पडदा पूर्ण काढून टाकायला सांगितलं नाही. गरज असेल तेव्हा खाली घ्या, एरवी वर ठेवा, एवढंच सांगितलं. त्या कधी भारतात आल्या नाहीत, पण इथल्या आरोग्याचा प्रश्न त्यांनी अनेक वर्षं लावून धरला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

बाहेरचं दिसावं, या त्यांच्या म्हणण्याला सव्वाशे वर्षांनी आधार मिळाला. १९८४ मध्ये रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांची तुलना केली. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान होता, २३ जोड्यांचा. पण दवाखाने बांधणाऱ्यांना त्याने विचार करायला लावलं.

उन्हाने जंतू मरतात

नाइटिंगेलबाईंचं निरीक्षण बरोबर होतं, कारण मात्र त्यांना माहीत नव्हतं. ते १८७७ मध्ये डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज संशोधकांनी दाखवलं. जंतू वाढतील असं द्रावण भरलेल्या नळ्या त्यांनी उन्हात ठेवल्या आणि तशाच नळ्या झाकून ठेवल्या. झाकलेल्या नळ्या गढूळ झाल्या, उन्हातल्या स्वच्छ राहिल्या. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगासमोर मांडला, आणि १८९० मध्ये तो जंतू थेट उन्हात काही मिनिटांपासून काही तासांत मरतो, हेही सांगितलं. क्षयाच्या रुग्णाला पडद्याआड कोंडणं म्हणजे जंतूंना अभय देणं, हे आता उघड झालं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. मग शहराचं लक्ष तिथल्या काळोख्या, दाटीच्या घरांकडे गेलं. प्लेग पसरलेल्या घरांना चुना फासला जाई आणि आत ऊन यावं म्हणून छपराची कौलंसुद्धा उतरवली जात. प्लेग मात्र उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं. म्हणजे कौलं काढून प्लेग जाणार नव्हता. पण उजेड-हवेचा विचार वाया गेला नाही. त्याच वर्षी स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे दोन इमारतींमध्ये मोकळी जागा सोडण्याचा आग्रह धरला. याचा खरा फायदा क्षयाच्या बाबतीत होता.

आजही तेच खरं आहे. २००७ मध्ये पेरू देशातल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांची पाहणी झाली. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत नुसत्या खिडक्या-दारं उघडली, तरी हवा यंत्राने खेळवलेल्या नव्या खोल्यांपेक्षा जास्त खेळत होती. टीबीचा रुग्ण घरात असेल तर गोळ्या नियमित घेणं सर्वांत महत्त्वाचं, आणि त्याच्या जोडीला उघडी खिडकी.

डास अडवणारा पडदा

मग पडदा हरला का? नाही. जंतूंच्या लढाईत तो मागे पडला, त्याच सुमारास डासांच्या लढाईत तो पुढे आला.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात मलेरियाचे परजीवी दिसले. तरी अनेकांचा विश्वास बसेना. मलेरिया दलदलीच्या हवेतून येतो, हा समज शतकानुशतकांचा. १९०० मध्ये डॉ. लुई सॅम्बन आणि डॉ. जॉर्ज लो यांनी रोमजवळच्या दलदलीच्या, मलेरियाने कुप्रसिद्ध भागात ऐन हंगामात एका लाकडी झोपडीत मुक्काम केला. दारा-खिडक्यांना बारीक जाळी. नियम एकच: सूर्यास्ताच्या आधी आत यायचं आणि सूर्योदयानंतर बाहेर पडायचं. हवा तीच, दलदल तीच, पण कोणालाही मलेरिया झाला नाही. 'रात्रीची हवा वाईट' हा समज त्या जाळीने मोडला. वाईट हवा नव्हती, तिच्यातले डास वाईट होते.

मच्छरदाणी म्हणजे पलंगाचा पडदाच. फरक इतकाच की तिच्यातून हवा जाते, डास जात नाही. पुढे मच्छरदाणीला कीटकनाशक लावलं तर आणखी फायदा होतो का, याचे मोठे अभ्यास आफ्रिकेत झाले, आणि अशा मच्छरदाण्या वापरल्याने लहान मुलांचे मृत्यू सुमारे १७ टक्क्यांनी कमी होतात असं दिसलं. बुर्किना फासो देशात तर १९९० च्या दशकात दारा-खिडक्यांना कीटकनाशक लावलेले पडदे लावून पाहिले गेले. कापडाच्या एका तुकड्याकडून यापेक्षा मोठी अपेक्षा ती काय करणार?

चादरीचा एक कोपरा

आता आजींच्या नातवाकडे परत येतो. त्याला बरं करणारा निळा दिवा कुठून आला, ती गोष्टही कापडाचीच आहे.

इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड जनरल हॉस्पिटलमध्ये जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर होत्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना कोंदट वॉर्डपेक्षा मोकळी हवा आणि ऊन मानवतं, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्या बाळांना अंगणात नेत. १९५६ च्या उन्हाळ्यात राउंडच्या वेळी त्यांनी डॉक्टरांना जरा संकोचानेच एक बाळ दाखवलं. सगळं अंग फिकट, आणि पोटावर एक गडद पिवळा त्रिकोण. डॉक्टरांनी विचारलं, "इथे औषध लावलंय का?" सिस्टर म्हणाल्या, "नाही. बाळाला कावीळ आहे. तेवढ्या जागेवर चादरीचा कोपरा होता. बाकीची कावीळ उन्हाने उतरली."

थोड्याच दिवसांनी काविळीच्या एका बाळाच्या रक्ताची नळी खिडकीत उन्हात राहून गेली आणि तिच्यातलं बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा बरंच कमी भरलं. मग रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतशीर काम केलं, दिव्यांचा पाळणा तयार केला आणि १९५८ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज जगभर नवजात बाळांची कावीळ या प्रकाशोपचाराने उतरवली जाते. एका सिस्टरने डोळे उघडे ठेवून पाहिलं, म्हणून.

इथे एक सूचना: बाळाला घरी कोवळ्या उन्हात धरणं हा काविळीवरचा उपचार नव्हे. उन्हाचं प्रमाण मोजता येत नाही, बाळ भाजू शकतं, गारठू शकतं आणि मुख्य म्हणजे वेळ जातो. उजेडाचा घरातला उपयोग कावीळ *दिसण्यासाठी* आहे. दिसली की डॉक्टरांकडे न्या.

रात्रीचा अंधार

पडद्याचा सर्वांत नवा फायदा झोपेशी जोडलेला आहे. १९५८ मध्येच अमेरिकेत आरोन लर्नर यांनी मेलाटोनिन हे संप्रेरक वेगळं केलं. अंधार पडला की मेंदूत ते स्रवू लागतं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. १९८० मध्ये असं दिसलं की प्रखर उजेडाने माणसातलं मेलाटोनिन दबतं. २०२२ मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २० तरुण निरोगी माणसांवर एक छोटा प्रयोग झाला. एक रात्र खोलीत मध्यम उजेड ठेवून झोपल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके रात्री वाढलेले राहिले आणि सकाळी इन्सुलिनचा परिणाम कमी झालेला आढळला. एका रात्रीवरून मधुमेह होत नाही. पण रस्त्याचा एलईडी दिवा रोज रात्री थेट उशीवर पडत असेल, तर जाड पडदा हा चैनीचा खर्च नाही. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्यांना तर तो औषधासारखा आहे. अर्धशिशीचा झटका आलेल्याला आणि गोवरात डोळ्यांना उजेड सहन न होणाऱ्या मुलालाही तात्पुरता अंधार आराम देतो.

तर आजी, उत्तर असं आहे

पडदा लावायचा, पण तो सरकता ठेवायचा. एवढ्या इतिहासातून मी हेच शिकलो. त्रास झाला तो पडदा आठवडेच्या आठवडे एकाच जागी राहिला तेव्हा. रोजच्या वापरासाठी:

* सकाळी उठल्यावर पडदे पूर्ण सारा आणि खिडकी उघडा. आजारी माणूस, बाळंतीण आणि वृद्ध यांच्या खोलीत तर आठवणीने. बंद काचेतून उजेड येतो, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काचेतून येत नाहीत. त्यासाठी अंगावर थेट ऊन लागतं.
* नवजात बाळाला पहिला आठवडाभर रोज दिवसाच्या उजेडात, कपडे बाजूला करून पाहा. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्त असलं किंवा दूध ओढत नसलं, तर त्याच दिवशी दाखवा.
* उन्हाळ्यात दुपारी उन्हाच्या बाजूचे पडदे लावा. बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा खिडकीच्या बाहेरच्या बाजूने लावला तर जास्त फायदा, कारण उष्णता काचेच्या आत येण्याआधीच अडते.
* संध्याकाळी जाळी किंवा मच्छरदाणी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दिवसा झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवी.
* रात्री झोपताना गडद पडदा.
* पडद्यात धूळ आणि धुळीतले सूक्ष्म किडे साठतात. दमा, सर्दीची अ‍ॅलर्जी असलेल्या घरात जड मखमलीपेक्षा हलके सुती पडदे बरे. ते दोन-तीन आठवड्यांनी गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. आयोवातल्या एका रुग्णालयात नव्याने लावलेल्या १३ पैकी १२ पडद्यांवर आठवड्याभरात जंतू सापडले होते, कारण सगळ्यांचे हात त्याला लागतात आणि धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही.
* पडद्याच्या लोंबत्या दोऱ्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा वर बांधा. गळ्याभोवती फास बसल्याचे अपघात झालेले आहेत.

परवा त्या घरावरून जाताना वर पाहिलं. मरून पडदे तसेच होते, पण दोन्ही बाजूंना गाठ मारून बांधलेले. आजी नातवाला घेऊन खिडकीत उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी त्याचा हात धरून हलवला. रस्त्यावरूनही त्याचा रंग स्वच्छ दिसत होता.